किल्ला राखायचा तर मेंढरंही राखा

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातला रोक्का कालाशो हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १४६० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा थोडाच खाली. या किल्ल्यात महाल नाही. इथे कधी कुणा उमरावाचं बिऱ्हाड नव्हतं. दहाव्या शतकाच्या सुमारास टेहळणीचा एकच बुरूज उठला, पुढे त्याच्याभोवती तट आला आणि चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज आले. शिबंदीपुरती जागा, बाकी काही नाही. मग एवढ्या उंचीवर, एवढा खर्च करून राखायचं तरी काय होतं? खालची वाट. आणि त्या वाटेने जाणारी मेंढरं.

मी पशुवैद्यक. सगळी नोकरी माण, खटाव, फलटण या भागात झाली. आंत्रविषाराच्या लसी टोचायला धनगरांच्या वाड्यांवर पहाटे पोचायचं, मेंढरं चरायला सुटायच्या आत. लेक रोमला नोकरी करते, म्हणून तिच्याकडे जाणं झालं. ती म्हणाली, ‘आई, फ्लोरेन्स सगळेच बघतात. तुला मी मेंढरांच्या किल्ल्यावर नेते.’ रोमहून लाक्विलापर्यंत मोठा रस्ता. तिथून पुढे डोंगर. पायथ्याच्या कालाशो गावातून वर चढत गेलो. जून सुरू झाला होता, तरी वारा असा की डोक्यावरचा पदर दातांत धरावा लागला.

वाटेत आधी जुनं गाव लागतं. चुनखडीच्या पांढऱ्या दगडांची घरं, निम्म्यांना छप्पर नाही. काही घरं अलीकडे दुरुस्त करून तिथे खाणावळ आणि मुक्कामाची सोय केली आहे. पुढे खिंडीत सांता मारिया देल्ला पिएता नावाचं अष्टकोनी देऊळ एकटं उभं आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला किल्ला. जवळ गेल्यावर भिंतीला हात लावून पाहिला. खालचे दगड मोठाले, वरचे लहान. पाया फोडता येऊ नये म्हणून असं बांधलं, असं मानतात. दरवाजा जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच. जुन्या काळी तिथे लाकडी जिना लावत आणि शत्रू आला की वर ओढून घेत. तशी वेळ फारशी आलीच नाही, कारण या किल्ल्याची लढाईत कधी कसोटी लागली नाही. त्याला पाडलं ते भूकंपांनी. १४६१ मध्ये एकदा आणि १७०३ मध्ये पुन्हा.

वरून दक्षिणेला नावेल्लीचं पठार दिसतं. केशराच्या शेतीसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच पठारावरून लाक्विला ते फोज्जा ही मेंढरांची वाट जायची. लांबी २४४ किलोमीटर आणि रुंदी १११ मीटर. हा आकडा मी लेकीला दोनदा विचारला. एकशे अकरा मीटर रुंदीचा गवताचा रस्ता, राजाच्या कायद्याने राखलेला. त्यावर नांगर घालायला बंदी. आमच्याकडे दिवाळीनंतर माणदेशातली मेंढरं कोकणात उतरतात तेव्हा डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या भोंग्यांत, पोरं आणि कोकरं घोड्यावर लादून उतरतात. कळपात गाडी घुसून पाच-सात मेंढरं जागेवर मेल्याचे पंचनामे मी स्वतः केले आहेत. म्हणून ते १११ मीटर मला त्या किल्ल्यापेक्षाही मोठे वाटले.

या वाटेमागे राज्याचा हिशेब होता. उन्हाळ्यात मेंढरं ग्रान सास्सो डोंगरातल्या कुरणांवर, थंडीत पुलिया प्रांतातल्या सपाटीवर. १४४७ मध्ये नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने या येण्या-जाण्याची रीतसर व्यवस्था लावली. वाट राज्याने राखायची, हिवाळी कुरण राज्याने द्यायचं आणि त्याबदल्यात धन्याने डोईप्रमाणे पट्टी भरायची. त्या पट्टीवर नेपल्सच्या तिजोरीचा मोठा भार होता. रोक्का कालाशो पिक्कोलोमिनी घराण्याकडे आला तो याच काळात, आणि १५७९ मध्ये फ्लोरेन्सच्या मेदिचींनी हा सगळा मुलूख विकत घेतला. ज्यांच्या पैशावर बोत्तिचेल्ली आणि मायकेलअँजेलो पोसले गेले, त्या घराण्याला या थंड, दगडाळ डोंगरात लोकर दिसली. तीही पांढरी मऊ नव्हे. काळी, राठ लोकर. तिला कार्फान्या म्हणत. तिच्यातून सैनिकांचे आणि मठातल्या साधूंचे कपडे व्हायचे.

काळी, राठ लोकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. आमची दख्खनी मेंढी अशीच. तिच्या लोकरीची घोंगडी सणगर विणतात. पाऊस, थंडी, काटा, सगळ्याला ती पुरून उरते. शिवकाळातला मावळा खांद्यावर घोंगडी टाकूनच डोंगर चढला. एकमेकांशी कसलाही संबंध नसलेल्या दोन मुलखांत डोंगर, मेंढी आणि शिपाई हे तिघे असे एकत्र बांधले गेले होते.

मग तिकडे हे नातं सुटलं. १७०३ च्या भूकंपानंतर वरच्या गावातली बरीच माणसं खाली कालाशोला उतरली. १८०६ मध्ये नेपल्सच्या फ्रेंच राजवटीने मेंढरांच्या वाटेची जुनी व्यवस्था मोडली. हिवाळी कुरणं नांगराखाली गेली. पुढच्या दीडशे वर्षांत आब्रुत्सोतली माणसं अमेरिकेला, बेल्जियमच्या कोळसा खाणींत, रोमच्या बांधकामांवर पांगली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला वरचं गाव ओस पडलं. भिंती पडल्या म्हणून लोक गेले, एवढंच सांगून तिथले फलक थांबतात. १४६१ लाही भिंती पडल्याच होत्या, तेव्हा लोकांनी पुन्हा बांधल्या. कारण तेव्हा लोकरीत पैसा होता. माझ्या मते गाव उठतं ते पोटामुळे, आणि किल्लाही त्याच्या मागून उठतो.

१९८० च्या दशकात या किल्ल्याची दुरुस्ती झाली आणि ती चांगली झाली आहे, हे मनापासून सांगते. तुटलेले बुरूज तुटलेलेच ठेवले. नवी छपरं, नव्या कमानी, रंग असलं काही नाही. त्याच सुमारास ‘लेडीहॉक’ आणि ‘द नेम ऑफ द रोझ’ या चित्रपटांचं काही चित्रीकरण इथे झालं आणि पर्यटक यायला लागले. २०२२ मध्ये, कोरोनानंतरच्या पुनर्बांधणीच्या निधीतून, जेमतेम शे-सव्वाशे वस्तीच्या कालाशोला दोन कोटी युरो मंजूर झाले. ओस पडत चाललेली गावं पुन्हा वसावीत, हा त्यामागचा हेतू.

त्यातलं मेंढरांच्या वाट्याला किती येतं, यावर माझ्या लेखी सगळं ठरेल. उतरताना खिंडीच्या पलीकडे एक कळप दिसला आणि मी सरळ तिकडे वळले. पांढरी धिप्पाड कुत्री आधी पुढे आली. एकाच्या गळ्यात लोखंडी पट्टा होता, बाहेरच्या अंगाला बोटाएवढे टोकदार खिळे. लांडगा गळा धरायला येतो, म्हणून. मेंढपाळ पस्तिशीचा, मासेडोनियाहून आलेला. इटालियन पोरं हे काम करत नाहीत, असं तो लेकीला म्हणाला. मी एका मेंढीच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, रक्त कमी आहे का बघायला, तेव्हा तो हसला आणि आपली औषधाची पेटी काढून दाखवायला लागला. जंताची तीच औषधं, ज्यांनी माझी बॅग वर्षानुवर्षं भरलेली असायची. लोकरीचं काय करता, असं विचारलं. त्याने हात झटकले. युरोपच्या नियमांत कच्ची लोकर ही प्राणिजन्य उपउत्पादन ठरते. गिऱ्हाईक नसेल तर ती कुठेही टाकता येत नाही, विल्हेवाटीला पदरचे पैसे मोजावे लागतात. ज्या लोकरीसाठी मेदिचींनी मुलूख विकत घेतला, ती आज त्याच डोंगरात मेंढपाळाच्या गळ्यातलं लोढणं झाली आहे. आमच्याकडेही कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते आणि लोकर बांधावर पडून राहते.

मेंढरं घेऊन फिरण्याच्या या परंपरेला युनेस्कोने २०१९ मध्ये इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रियाच्या नावे मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. मान मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण लोकरीला गिऱ्हाईक, कळपाला कुरण आणि मेंढपाळाच्या पोरांना शाळा मिळाली नाही, तर तो मान कागदावर राहील आणि कालाशोत पर्यटकांची वाहनं लावायला प्रशस्त जागा तेवढी होईल.

हे सगळं आपल्याला लागू आहे, म्हणून लिहिते आहे. जुलै २०२५ मध्ये शिवकाळातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, प्रतापगड, साल्हेर ही नावं त्या यादीत पाहून ऊर भरून आला. आता पैसा येईल, आराखडे होतील. त्यांत पायऱ्या, रेलिंग, दिवे, स्वच्छतागृहं असतीलच आणि ती हवीतच. पण गड कधी नुसत्या तटावर उभा नव्हता. त्याला घेरा होता. घेऱ्यात मेटं, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या होत्या, मेटकऱ्यांना जमिनी होत्या, चराई होती. गवत, लाकूड, दूध, खबर सगळं तिथून वर जायचं. आज त्याच घेऱ्यातल्या गावातली तरणी पोरं मुंबई-पुण्याला, आणि गडावर येणाऱ्यांना ताक देणाऱ्या धनगरांच्या डोक्यावर अतिक्रमणाच्या नोटिशीची टांगती तलवार. वनखात्याची कुरणबंदी कुठे गरजेचीही असेल. झाडं जगायला हवीत, हे मला मान्य आहे. पण चराईची पाळी लावून कुरण राखणं धनगराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आणि त्याला विचारल्याशिवाय केलेली बंदी पाळलीही जात नाही.

तेव्हा या बारा किल्ल्यांचे आराखडे करणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक गडाच्या समितीवर घेऱ्यातल्या गावाचा एक माणूस आणि जिथे धनगर आहेत तिथे धनगरांचा एक माणूस घ्या. गडाखालच्या चराईच्या जागा आणि मेंढरांच्या वाटा नकाशावर आखा आणि सातबाऱ्यावर चढवा. गडावर विकायची वस्तू म्हणून बाहेरून प्लास्टिकच्या तलवारी आणण्याऐवजी सणगराची घोंगडी ठेवा आणि तिचा भाव पाडून मागू नका. आणि हे निविदा निघायच्या आधी करा, कारण एकदा कंत्राट दिलं की गावाला विचारायला कुणी येत नाही.