राखणदाराचा हिशेब

लेखापरीक्षण आटोपले की गृहनिर्माण संस्थांच्या आणि अपार्टमेंटांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा फळ्यावर लागतात. ताराबाई पार्क असो, राजारामपुरी असो की कळंब्याच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या इमारती असोत, विषयपत्रिका बहुधा एकाच साच्याची असते. 'इमारतीची देखभाल, स्वच्छता व सुरक्षा यांसाठी आलेल्या दरपत्रकांवर निर्णय घेणे' हा विषय पाचव्या-सहाव्या क्रमांकावर असतो आणि चहा येण्याच्या बेतात असताना तो हातावेगळा केला जातो. तीन लिफाफे फोडले जातात, सर्वांत कमी आकडा वाचून दाखवला जातो, दरमहा प्रत्येक सदनिकेमागे शे-दीडशे रुपये वाचले म्हणून सचिवांचे अभिनंदनही होते. हे शे-दीडशे रुपये नेमके कोणाच्या ताटातून उचलले गेले, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसतो.

मुंबई-पुण्यात हा व्यवसाय मोठ्या, काही ठिकाणी परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. कोल्हापुरात त्याचे रूप लहान आहे. कोणी निवृत्त सैनिक, कोणी पूर्वी दुसऱ्या एजन्सीत पर्यवेक्षक असलेला तरुण दहा-पंधरा माणसे गोळा करून सुरुवात करतो. पहारेकरी, झाडलोट करणाऱ्या बायका, मोटर आणि लिफ्ट पाहणारा एक जण, गरजेनुसार माळी व प्लंबर, एवढ्यांवर 'मालमत्ता व्यवस्थापन' हे भारदस्त नाव लावले जाते. जुन्या वाड्यांतही राखण होतीच, पण राखणदार घरचा माणूस समजला जाई. त्या घरच्या माणसाला पगार किती मिळत होता, हे न विचारलेलेच बरे. तरीही त्याचा मालक कोण, याविषयी संशय नव्हता. आज गणवेशावर नाव कंपनीचे असते, हुकूम चाळीस कुटुंबांचे असतात आणि पगाराची तारीख कोषाध्यक्षांच्या सवडीवर ठरते.

दिवसाचे काम पाहू लागले तर करारातील 'सुरक्षा' हा शब्द फार तोकडा पडतो. पहाटे महापालिकेचे पाणी येते, ते हौदात घेऊन टाकीत चढवायचे. दूध आणि वर्तमानपत्रे घेऊन येणाऱ्यांना वाट द्यायची, उलट्यासुलट्या लावलेल्या गाड्या हलवायच्या, अडकलेल्या लिफ्टमधील मुलाला धीर द्यायचा, दिवसभर येणारी पार्सले सांभाळायची. साठी ओलांडलेल्या पहारेकऱ्यालाही सारी इमारत 'मामा' म्हणते.

"मामा, एवढी गॅसची टाकी वर आणून देता काय?"

"आणतो की, वहिनी."

टाकी वाहून नेणे करारात नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. पण नकार देता येत नाही, कारण त्याच करारात दुसरे एक कलम असते: तक्रार आल्यास कंपनी चोवीस तासांत माणूस बदलून देईल. व्हॉट्सॲप गटावर एका सभासदाने नाराजीची एक ओळ लिहिली की हे कलम जागे होते. 'बदलून द्या' हे शब्द एरवी दुकानात फाटक्या पिशवीसाठी वापरले जातात.

याच्या मुळाशी असलेले गणित साधे आहे. ते कागदावर मांडण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात. फाटकावर चोवीस तास एक माणूस हवा असेल, तर तीस दिवसांच्या महिन्याचे ७२० तास होतात. आठवड्याची सुट्टी धरून एक कामगार दिवसाला आठ तासांप्रमाणे २६ दिवस, म्हणजे २०८ तास काम करतो. ७२० ला २०८ ने भागले की उत्तर येते जवळजवळ साडेतीन. म्हणजे एका फाटकासाठी साडेतीन माणसे लागतात. प्रत्यक्षात दोनच असतात. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, प्रत्येकी बारा तास, तीसही दिवस. हे प्रत्येकी ३६० तास झाले. त्यांतले १५२ तास जादा कामाचे. आठवड्याला ४८ तासांपलीकडील कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, हे तत्त्व आपल्या कामगार कायद्यांत जुने आहे. त्या हिशेबाने १५२ चे ३०४ होतात आणि त्या माणसाला ५१२ तासांचे वेतन मिळावयास हवे. हातात पडते ती 'बारा तासांच्या ड्यूटीची' एक ठोक रक्कम. शाहू मिल चालू होती तेव्हा पाळी सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजे. फाटकावरच्या माणसाची पाळी दुसरा माणूस आला तर संपते, नाही आला तर पुढे सरकते.

आता दरपत्रकाकडे वळू. किमान वेतन आणि त्यावरील विशेष भत्ता शासन ठरवते, तो आकडा एजन्सीच्या हातात नसतो. त्यावर भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा १२ टक्के, निधीशी जोडलेल्या विम्याचे व प्रशासन खर्चाचे मिळून आणखी १ टक्का, राज्य विमा लागू असेल तेथे मालकाचे ३.२५ टक्के आणि किमान बोनस ८.३३ टक्के. ही बेरीज २४.५८ टक्के, म्हणजे वेतनाच्या जवळपास चौथाई होते. भरपगारी रजा, बदली माणूस, गणवेश, पर्यवेक्षकाचा पगार आणि एजन्सीचा नफा हे सारे त्यानंतरचे. तेव्हा एखाद्या दरपत्रकातील माणशी दर किमान वेतनाच्या सव्वापटीपेक्षाही खाली असेल, तर त्यातून काहीतरी गाळलेले आहे, हे सांगायला लेखापरीक्षक लागत नाही. सभेत चर्चा होते ती बिलावरच्या १८ टक्के जीएसटीची. तो शासनाला जातो, म्हणून सर्वांच्या डोळ्यांत खुपतो. वेतनातून जे गळते ते कोणालाच दिसत नाही.

सर्वांत आधी गळतो तो भविष्य निधी. कधी तो भरलाच जात नाही, कधी पगाराचे तुकडे पाडून मूळ वेतन एवढेसे दाखवले जाते आणि त्यावर भरला जातो. ऐन उमेदीच्या माणसालाही हे सोयीचे वाटते, कारण कपात कमी म्हणजे हातात जास्त. नुकसान कळते ते फार उशिरा. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. दर वर्षी कमी दराचा नवा कंत्राटदार आला, त्याने जुना यूएएन क्रमांक न विचारता नवा काढला, की त्याच फाटकावर दहा वर्षे उभ्या असलेल्या माणसाची नोकरी कागदावर तीन-चार तुकड्यांत विखुरते. ती जोडून घेता येते, पण त्यासाठी जुन्या एजन्सीच्या नोंदी, आधारवरील नाव आणि जन्मतारीख यांचा मेळ बसावा लागतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस त्यासाठी किती दिवसांचा रोज बुडवणार?

त्याहून गंभीर गोष्ट अशी की सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाल्यास या निधीशी जोडलेल्या विम्यातून वारसांना कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते आणि एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला निवृत्तिवेतनाचा हक्क असतो. रात्रपाळीत हृदयविकाराने कोसळलेल्या पहारेकऱ्याच्या घरी सभासद वर्गणी काढून दहा-पंधरा हजार पोहोचवतात, दोन मिनिटे शांतता पाळतात. त्यात खोटेपणा नसतो. परंतु तिथेच निधीचे चलन दरमहा तपासले गेले असते, तर त्या बाईला कोणाच्या वर्गणीची वाट पाहावी लागली नसती.

एजन्सीचालक सारेच लबाड असतात असेही नाही. त्यांची अडचण बँकेच्या माणसाला चटकन समजते. या धंद्यात यंत्रे नाहीत, गोदाम नाही, तारण ठेवायला काही नाही. येणी हीच काय ती मालमत्ता. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिले पाहिजे, आणि संस्थेचे कोषाध्यक्ष परगावी असल्यामुळे मागील बिलाचा धनादेश वीस तारखेला निघतो. बिलातील बहुतांश रक्कम पगाराचीच असते. मधल्या तेरा दिवसांची सोय कोणी करायची? कॅश क्रेडिट मिळाले तर व्याज, नाही मिळाले तर पगार लांबतो. मग पर्यवेक्षक रात्री मोटारसायकलवरून एकेका इमारतीची फेरी मारतो, डुलकी घेणाऱ्याचे छायाचित्र काढतो, आणि ज्याला पगार मिळालेला नाही त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करतो. या पर्यवेक्षकाची स्थिती सर्वांत केविलवाणी म्हणावी लागेल. वरून मालक, समोर चाळीस सदनिकाधारक, खाली कंटाळलेली माणसे. तिन्हीकडचे बोलणे त्याने ऐकायचे आणि अधिकार मात्र फक्त हजेरीपुस्तकावर सही करण्याचा.

झोप येऊ नये म्हणून काही ठिकाणी पहारेकऱ्याची खुर्चीच काढून घेतली जाते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला, इतकी साधी गोष्टही कायद्यात लिहावी लागली. झाडलोट करणाऱ्या बायकांचे दुःख त्याहून बोलायला अवघड. चाळीस सदनिकांच्या इमारतीत ऐंशी स्वच्छतागृहे असतात. ती सारी इमारत स्वच्छ ठेवणारीसाठी एकही नसते. तळमजल्यावर नकाशात दाखवलेले असते, त्यात जुन्या सायकली आणि रंगाचे डबे ठेवलेले असतात.

कायद्याकडे जावे तर तिथेही वाट सरळ नाही. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला, मंडळांची कल्पना मांडली. देशात ती पुढची पायरी होती. उलट दिल्लीच्या सोम विहार या निवासी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की केवळ आपल्या सभासदांना वैयक्तिक स्वरूपाच्या सेवा पुरवणारी संस्था म्हणजे 'उद्योग' नव्हे. परिणामी संस्थेने थेट नेमलेल्या माणसाला काढून टाकले, तर औद्योगिक विवादाचा दरवाजा त्याला सहसा उघडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे आणि भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन एवढेसे दाखवण्याच्या युक्तीला त्यामुळे आळा बसावा. फाटकावरच्या मामांच्या हाती नेमणूकपत्र पडले की नाही, हे मात्र दिल्लीहून कोणी पाहायला येणार नाही.

न्यूयॉर्कमध्येही इमारतींच्या दारात माणसे उभी असतात. तेथील द्वारपाल आणि सफाई कामगारांची संघटना १९३४ पासूनची आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी संपाची तयारी केली, तेव्हा श्रीमंतांच्या पार्क ॲव्हेन्यूवर त्यांचा मेळावा भरला आणि संपाआधीच करार झाला. कोल्हापुरात एका इमारतीत दोन, दुसरीत तीन अशी विखुरलेली माणसे कोणत्या रस्त्यावर जमणार?

ती जमतात, पण आपल्या हक्कासाठी नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नागाळा पार्क, शाहूपुरी, रमणमळा, दुधाळी या भागांत तळमजले पाण्याखाली गेले. इमारतीत पाणी सर्वांत आधी शिरते ते पार्किंगमध्ये, आणि राहणाऱ्या पहारेकऱ्याची खोली तिथेच असते. वरच्या मजल्यांवरच्यांना गाड्या उंचावर नेण्याची हाक मारणारा, मीटरपेट्यांजवळचा मुख्य स्विच बंद करणारा, म्हाताऱ्यांना खाली उतरवून नावेपर्यंत नेणारा तोच असतो. त्याचे अंथरूण आणि धान्याचा डबा त्या वेळी पाण्यावर तरंगत असतो. पूर ओसरल्यावर गाड्यांचे विमादावे दाखल होतात. अंथरुणाचा विमा नसतो.

कंपनीतील वातावरण कसे आहे हे तिच्या माहितीपत्रकावरून कळत नाही. तीन वर्षांनी फाटकावर तोच चेहरा दिसतो का, एवढे पाहिले तरी पुरते. टिकलेला माणूस कोणत्या आजींचे औषध कधी संपते हे ओळखतो, परका माणूस जिन्यात दिसला की थांबवतो. शहरात अशा काही एजन्सी आहेतही. त्या स्वस्त नसतात, म्हणून लिफाफे फोडताना मागे पडतात.

तो विषय चर्चेला येईल तेव्हा कोणा एका सभासदाने उभे राहून तीन कागद मागितले तरी पुष्कळ होईल: मागील महिन्याच्या निधीचे चलन, त्यासोबतची नावांची यादी, आणि वेतन बँकेत जमा झाल्याचे पत्रक. चलन भरलेले असेल तर ते सादर करायला पाच मिनिटे लागतात. यादीत फाटकावर उभ्या असलेल्या माणसाचे नाव आहे का आणि त्यापुढे किती दिवसांची हजेरी लिहिली आहे, हे खाली जाऊन त्यालाच विचारता येते.