जुने स्पीकर घ्यावेत का? मोबाइलसाठीचे निकष लावून बघू

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो अनधिकृत पत्राशेड पाडली. त्यात भंगाराची गोदामं भरपूर होती. कासारवाडी, भोसरी, पिंपरी या पट्ट्यातलं भंगार वर्षानुवर्षं तिकडेच जायचं. अशा ठिकाणी जुनी वस्तू निदान हातात घेऊन, ठोकून बघता यायची. आता जुन्या स्पीकरांचा सौदा बऱ्याचदा मोबाइलवर, फोटो बघूनच होतो. फसगत तिथेच होते, कारण फोटोत चकचकीत खोकं दिसतं, आतला कुजलेला फोम दिसत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा आराखडा दिला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे, त्यावरून तिला गुण द्यायचे, सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. उघडायला किती सोपी, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, हत्यारं कोणती लागतात, स्क्रू कसले आहेत आणि सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळतात, असे सहा निकष आहेत. स्पीकर या यादीत नाहीत. पण निकष लावून बघायला काय हरकत आहे?

उघडायला चार-सहा साधे स्क्रू आणि एक स्क्रूड्रायव्हर. सॉफ्टवेअरच नाही, त्यामुळे अपडेट बंद होण्याची भीती नाही. तुमच्या ब्लूटूथ स्पीकरची आतली बॅटरी तीन-चार वर्षांत दमली की तो उघडताना प्लास्टिकच तुटतं. या परीक्षेत जुना स्पीकर सहज पास होतो. अडतो तो एकाच विषयात, सुट्या भागांत. म्हणून नेमकं काय बिघडलंय त्यावर सगळा निर्णय ठरतो.

कोनच्या कडेला जी मऊ पट्टी असते तिला सराउंड म्हणतात. ती फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच चुरा होतो. दिसायला भयानक, पण दुरुस्त होणारी गोष्ट आहे: मापाची नवी रिंग आणि योग्य गोंद मिळाला की काम होतं. रबर किंवा कापडाची पट्टी असेल तर ती सहसा जास्त टिकते. क्रॉसओव्हरमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, तेही किरकोळ खर्चात बदलता येतात. फक्त नॉन-पोलरच मागा. कासारवाडीहून मेट्रोने थेट मंडईला उतरून तापकीर गल्लीत चक्कर मारलीत, तर असल्या बारीकसारीक भागांची चौकशी एका फेरीत होते.

कॉइल घासत असेल तर मात्र विषय संपला. कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर पैसे खिशातच ठेवा. रिकोनिंग होतं, पण मूळचा आवाज परत येईलच असं नाही, आणि खर्चही वाढतो. मल्टिमीटर असेल तर मागच्या टर्मिनलवर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे किंवा कॉइल जळाली आहे.

या तपासणीत एक मेख आहे. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे बाहेरून मोजलं की फक्त वूफर कळतो. ट्वीटर गाणं लावून, कान अगदी जवळ नेऊनच तपासावा लागतो. जळालेल्या जुन्या ट्वीटरला जोडीचा दुसरा शोधणं हे खरं डोकेदुखीचं काम आहे.

खोकंही बघा. प्लायवूड असेल तर उत्तम. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात खालून फुगलेला असेल तर सोडून द्या. आणि ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं स्टिकर असेल तर हसून सोडून द्या, तो आकडा जाहिरातीचा होता.

आता हिशेब. हे स्पीकर फोनला थेट जोडता येत नाहीत, मध्ये ब्लूटूथ ॲम्प्लिफायर आणि अडॅप्टर लागतो. समजा जोडी २,००० ला मिळाली, ॲम्प्लिफायर-अडॅप्टरचे १,५०० आणि दुरुस्तीचे १,०००. म्हणजे खरी किंमत ४,५००, आणि तुलना करायची ती ४,५०० च्या नव्या वस्तूशी. फक्त फोम गेलेला असेल तर माझ्या मते जुनी जोडी घ्यावी. ट्वीटर किंवा कॉइल गेली असेल तर फुकट मिळाली तरी दोनदा विचार करा. वन आरकेच्या खोलीत बारा इंची वूफर आणायचा मोह तर टाळाच, भिंती घुमतील आणि शेजारी दार वाजवतील.

विकणाऱ्याकडे आधी जाळी काढलेला फोटो मागा. प्रत्यक्ष गेल्यावर ओळखीचं गाणं लावा, फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ऑडिओ बॅलन्सची पट्टी असते ती एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे सरकवा. दोन्हीकडून आवाज सारखा आला, तर मग भावाची बोलणी सुरू करा.