‘दहावीनंतर पोराला कुठं घालू?’ हा प्रश्न आठवीतच विचारा



दहावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवस आमच्यासारख्या शेतीखात्यातल्या माणसालाही बियाण्यांपेक्षा पोरांबद्दलच जास्त विचारणा होते. बांधावर उभे राहून माणूस म्हणतो, “साहेब, पोराला साठ टक्के पडले. आता कुठं घालू? आयटीआय बरं का डिप्लोमा बरा? का अकरावी सायन्सला टाकू?” पोरगं शेजारीच खाली मान घालून उभे असते. त्याला विचारावे, “बाळा, तुला काय आवडतं?” तर ते बापाकडे बघते. दहा वर्षे शाळेत जाऊन हाताने काय करायला आवडते, हे त्याला ठाऊक नसते. कारण हाताने काही करायची वेळच त्याच्यावर शाळेत आलेली नसते.

पेरणीच्या दिवशी कुणी रान नांगरायला काढत नाही. उन्हाळ्यात मशागत झालेली असते तेव्हा मृगात चाड्यावर मूठ धरता येते. पोराच्या शिक्षणाचेही तसेच आहे. अभियांत्रिकी, संगणक, कृषी अभियांत्रिकी या वाटांची मशागत आठवी, नववी आणि दहावी या तीन वर्षांत होते. म्हणून आज या सदरात पीक-पाण्याऐवजी आपल्या माध्यमिक शाळेतल्या तंत्रशिक्षणाविषयी बोलायचे ठरवले आहे.

हा विषय नवा नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव आणि व्यवसाय शिक्षण हवे, असे स्पष्ट सांगितले होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आकडाच दिला. उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलांना १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रम द्यायचा. ते जमेना, तेव्हा १९९२ मध्ये मुदत पाच वर्षांनी पुढे ढकलली. ती मुदतही गेली. मग २०२० च्या धोरणाने निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच धोरणात एक आकडा आहे, तो वाचून मान खाली जाते. १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेले आपल्या देशात ५ टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. कागद चांगले निघाले, गावापर्यंत मात्र पाझरले नाहीत.

पण पाझरले तिथे काय झाले, हेही आपल्याच राज्यात बघायला मिळते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. दुष्काळी पट्टा. तिथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हे गृहस्थ मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून पाबळच्या माळावर येऊन राहिले आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत तेच काम करत राहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस हाताने काम करता करता शिकतो आणि ते शिकणे पक्के होते. त्यांनी आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय तयार केला आणि पुढे शालान्त मंडळानेही तो स्वीकारला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. विषयाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, फेरोसिमेंटचे काम करतात, माती तपासतात, रक्तगट तपासायला शिकतात. मुलगा असो की मुलगी, चारही भाग सगळ्यांना. आणि हे सगळे खोटे-खोटे नाही. गावातल्या माणसाचे खरे काम करून द्यायचे आणि त्याचा खर्च-हिशेब वहीत मांडायचा. याच पाबळला २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर चित्र काढायचे आणि यंत्राकडून ती वस्तू कापून घ्यायची, अशी ही कार्यशाळा. त्या देशाबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. माळरानावरच्या गावाला हे जमले, मग आपल्या तालुक्याला का जमू नये?

कुणी म्हणेल, हे सगळे आयटीआयच्या पोरांसाठी ठीक, पुढे कॉलेजात जायचे त्याला याचा काय उपयोग? तर एक हिशेब मांडून दाखवतो. एक एकर म्हणजे ४ हजार चौरस मीटर धरा. ठिबकच्या दोन नळ्यांत दीड मीटर अंतर ठेवले तर सुमारे २,६६७ मीटर नळी लागते. दर ४० सेंटिमीटरवर एक ड्रीपर धरला तर झाले ६,६६७ ड्रीपर. एक ड्रीपर तासाला ४ लिटर पाणी देतो. म्हणजे सगळा एकर एकदम चालू केला तर तासाला साडेसव्वीस हजार लिटरहून जास्त पाणी पाहिजे. आता तुमची मोटर सेकंदाला ३ लिटर पाणी देत असेल तर तासाचे होतात १०,८०० लिटर. मग एकराचे तीन भाग करून तीन व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. आपण काय करतो? सगळे एकदम सोडतो, शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही आणि दुकानदाराला शिव्या देतो! हा हिशेब नववीच्या गणिताचा आहे. वर्गात क्षेत्रफळाची गणिते पाठ करणाऱ्या मुलाने तो एकदा रानात टेप धरून केला, की गणिताची भीती जाते. पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मुले गटांगळ्या खातात ती याच ठिकाणी: सूत्र पाठ असते, ते कशासाठी हे ठाऊक नसते.

विजेचेही तेच. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार टाकणारे आणि अर्थिंग नसलेल्या स्टार्टरला ओल्या हाताने शिवणारे किती तरी जण आपल्या ओळखीचे असतील. त्यातले काही आज आपल्यात नाहीत. शाळेत मास्तरांच्या देखरेखीखाली अर्थिंगचा खड्डा भरलेले पोरगं घरी गेल्यावर बापाचा हात धरील. आता रानात सौरपंप आले आहेत. ३ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३ हजार वॅटच्या पॅनेल लागतात. का लागतात, सावली पडली की पाणी का कमी होते, हे सांगणारे घरात कुणी नको का?

संगणकाची कथा आणखी निराळी. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेची योजना आणली, २००४ मध्ये आणखी एक आली. यंत्रे आली, पण बऱ्याच ठिकाणी कुलपातच राहिली. माझ्याच शाळेत संगणकाची खोली होती. चपला बाहेर काढायच्या, रांगेने आत जायचे, प्लास्टिकचे झाकण घातलेल्या यंत्राचे दर्शन घ्यायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे. प्रसाद तेवढा मिळायचा बाकी होता! पुढे कृषी पदविकेला गेलो आणि माहिती तक्त्यात भरायला सांगितली तेव्हा माऊस हातात धरताना घाम फुटला. शहरातली मुले पुढे निघून गेली. ते अंतर भरून काढायला मला दोन वर्षे लागली. तुमच्या पोराची दोन वर्षे अशी जाऊ नयेत. आज सातबारा संगणकावर, योजनांचे अर्ज महाडीबीटीवर आणि २०२१ पासून पीक पाहणीही मोबाईलवर. घरात दहावीचे पोर असून एका अर्जासाठी आपण तालुक्याला खेटे घालतो. रिकाम्या वेळी तेच पोर मोबाईलवर रील बघत बसलेले असते. यंत्र हातात असणे वेगळे आणि यंत्राकडून काम करून घेता येणे वेगळे.

आता वाटा समजून घ्या. आपल्या तालुक्यात आठवीपासून तंत्र विषय देणारी शाळा असेल, किंवा नववीपासून ऑटोमोटिव्ह, मल्टिस्किल, माहिती तंत्रज्ञान असे विषय देणारी शाळा असेल, तर तिची चौकशी सातवीतच करा. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते आणि ती झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. म्हणजे आयटीआयला गेला म्हणून पोराचे शिक्षण संपले, असे समजू नका. अकरावी-बारावी विज्ञानला द्विलक्षी अभ्यासक्रम आहे: संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत देखभाल, यांत्रिक देखभाल, पीकशास्त्र असे २०० गुणांचे विषय. मात्र एक पक्के ध्यानात ठेवा, अभियांत्रिकीला जायचे असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित सोडायचे नाही. ज्याला शेतीही आवडते आणि यंत्रही, त्याच्यासाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. आपल्या भागातली किती मुले तिथवर जातात, हे एकदा मोजून बघा.

लोक दोन आक्षेप घेतात. पहिला, तंत्र विषय ढ पोरांचा. हा समज आपल्या डोक्यातून काढून टाकला पाहिजे. घरची मोटर बंद पडली की रिवायंडिंगवाल्याची आपण तीन-तीन दिवस वाट बघतो, त्याच्या हाताला ढ म्हणत नाही. दुसरा, मुलीला वेल्डिंग कशाला? अहो, सर्किट जोडायला आणि संगणकावर आराखडा काढायला मनगटाचे बळ लागत नाही, डोके आणि चिकाटी लागते. ती आपल्या लेकींत कमी आहे का?

दोष सगळा पालकांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. निदेशकाची जागा रिकामी, लेथ गंजलेली, वीजबिल थकलेले आणि प्रात्यक्षिकाचे गुण न केलेल्या प्रात्यक्षिकाला वाटलेले, असेही चित्र दिसते. कागदावर तंत्रशिक्षण आणि खोलीत कोळिष्टके! अशा गुणांवर पोरगं पुढे जाते खरे, पण कॉलेजच्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी उघडे पडते. विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून असा विभाग एकदा बंद झाला, तर तो पुन्हा सुरू होणे महाकठीण.

म्हणून सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनाही विनंती आहे. ग्रामसभेत रस्ता-गटाराबरोबर एक विषय शाळेच्या कार्यशाळेचा ठेवा. शाळेचे वीजबिल, छतावर सौर पॅनेल, दुरुस्तीची हत्यारे यांचा विचार ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात होऊ द्या. गावातला फॅब्रिकेशनवाला, मोटर बांधणारा, ट्रॅक्टर मिस्त्री यांना महिन्यातून दोन तास शाळेत बोलवा. २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. ते दिवस स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम शिकण्यासाठीच आहेत, सहलीसाठी नव्हेत. पीक पाहणीच्या दिवसांत नववीची चार मुले बरोबर घ्या. माती नमुना काढताना आम्हीही त्यांना बोलावू.

आणि पालकांनो, तुम्ही एवढेच करा. येत्या सोमवारी बाजाराला जाताना वाटेत शाळेत थांबा. हेडमास्तरांना नमस्कार करून म्हणा, “सर, कार्यशाळा आणि संगणकाची खोली जरा उघडून दाखवता का?” किल्ली लगेच सापडली तर समाधान माना. शोधाशोध सुरू झाली, तर पुढच्या सोमवारी चार जणांना घेऊन पुन्हा जा.