विश्लेषण : तोंड, घशाचा कर्करोग बरा झाल्यावरही रुग्णाची फरफट का थांबत नाही?

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. वेळीच उपचार मिळाल्यास अनेक रुग्ण बरे होतात. पण गाठ गेली म्हणजे आयुष्य पूर्ववत झाले, असे होत नाही. घास गिळणे, बोलणे, चारचौघांत जेवायला बसणे हेही नव्याने शिकावे लागते. नेमक्या याच टप्प्यावर रुग्ण एकटा पडतो.

रुग्ण किती, वाचतात किती?

‘ग्लोबोकॅन’च्या २०२२च्या अंदाजानुसार, भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांच्या मानेतील लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या. त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. आजार मानेत दिसल्यावरच ग्रंथी काढलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे जगणे वाढते आहे. प्रश्न ते जगणे कसे आहे, हा आहे.

उपचारांनंतर कोणते त्रास होतात?

सहा-सात आठवड्यांच्या किरणोपचारांत लाळग्रंथींना इजा होते. तोंड कोरडे पडते, भाकरी-चपाती पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, चव जाते, दात किडतात. जबड्याचे स्नायू आखडून तोंड उघडेनासे होते. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचे तोंड अनेकदा आधीच कमी उघडत असते. मानेच्या शस्त्रक्रियेत खांद्याकडे जाणारी नस दुखावल्यास हात वर उचलत नाही. हमाल, रंगारी, शेतमजुरासाठी हा थेट रोजीरोटीचा प्रश्न ठरतो.

हे टाळता येते का?

काही प्रमाणात, होय. लाळग्रंथी वाचवून किरण देणारे ‘आयएमआरटी’ तंत्र वापरल्यावर वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा ३८ टक्के रुग्णांत राहिला, जुन्या पद्धतीत ७४ टक्के, असे ब्रिटनमधील २०११च्या चाचणीत दिसले. किरणोपचारांपूर्वी दात तपासून खराब दात काढणे महत्त्वाचे असते. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. जबडा, गिळणे आणि खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करावे लागतात. मानेवर किरण दिलेल्यांनी थायरॉइडची नियमित तपासणी करावी.

योजना कुठे कमी पडतात?

‘आयुष्मान भारत’मध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. मात्र ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरता मिळतो. वाचा-उपचार, फिजिओथेरपी आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला मात्र महिनोन्महिने लागतो. गावाहून शहरात येण्याचे भाडे आणि बुडालेला रोज वेगळाच. परिणामी अनेकांचे व्यायाम मध्येच सुटतात आणि आखडलेला जबडा तसाच राहतो.

कायद्याचा आधार आहे का?

स्वरयंत्र काढल्याने आलेल्या कायमच्या वाचादोषाचा समावेश दिव्यांग हक्क कायदा, २०१६मध्ये आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी अर्ज करता येतो. हे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, मागावे लागते. त्यामुळे घरी सोडतानाच रुग्णाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाचे वेळापत्रक आणि या हक्काची माहिती दिली, तर मोठ्या खर्चाविनाही बराच फरक पडू शकतो.