नाक आधी की वजन?

सिन्नरच्या बैठकीत एका आईनं मला विचारलं, "ताई, मुलीचं वजन आधी उतरवायचं की नाकाची शस्त्रक्रिया आधी? दिवाळीनंतर बघायला येणारेत." मी सांगितलं, वजन उतरून स्थिरावू द्या, गाल बसले की तेच नाक मोठं दिसतं. शस्त्रक्रियेची सूज पुरती ओसरायला वर्षभर लागतं. म्हणजे हुंड्याच्या यादीत आता नाकही आलं! (खर्च अर्थात मुलीच्या बापाचा.)

शूर्पणखेच्या कापल्या नाकावरून आपल्या नाशिकचं नाव पडलं म्हणतात. पुण्यात कावसजीला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं, ते १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलं. पण त्याचं नाक शत्रूनं कापलं होतं. या धडधाकट नाकावर सुरी कशासाठी?

मी मुलीलाच विचारलं. "श्वास नीट चालतो की," ती म्हणाली. आई गप्प.