दरडीची भीती पंचनाम्यात घ्या!

दरडग्रस्त वाड्यावस्त्यांतल्या बंधुभगिनींनो! आणि तहसील कचेरीतल्या साहेबांनो, तुम्हीही वाचा.

दुभती म्हैस मेली तर ३७,५०० रुपये. शेळी मेली तर ४,०००. माणूस गेला तर वारसाला ४ लाख, वर घोषणेचे असतील ते वेगळे. मदतीचे हे दर कचेरीत सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण जो दरडीतून वाचला आणि त्यानंतर धड झोपलाच नाही, त्याच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. तलाठी विचारतात, घर पूर्ण पडलं की अंशतः? माणूस अंशतः पडला, हे कुठं लिहायचं?

माळीण, ३० जुलै २०१४: १५१ माणसं. तळिये, २२ जुलै २०२१: ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र: २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण मातीखाली असतानाच शोध थांबवला. हे आकडे पेपरात आले. जे वाचले, त्यांचं पुढं काय झालं ते आलं नाही.

ते आम्ही सांगतो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की घरचा कर्ता उठून बसतो. बॅटरी हातात, चपला उशाशी, नजर डोंगराकडं. चुलीपाशी भांडं पडलं तरी दचकतो. डोळा लागलाच तर तोच आवाज, तीच नाकातोंडात जाणारी माती, आणि जाग आल्यावरही क्षणभर तो तिथंच असतो. शाळेत जाणारी पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागते. भाऊ त्या वाटेनं रानात जात नाही, गेलेल्यांचं नाव निघालं की उठून बाहेर जातो आणि दिवेलागणीला बाटली जवळ करतो. लोक म्हणतात, मनानं कच्चा आहे. कुणी म्हणतं, बाहेरचं लागलंय.

यातलं काहीही नाही. डॉक्टर याला आघातानंतरचा तणाव-विकार म्हणतात, बोलताना पीटीएसडी. १९८० साली, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या सैनिकांची दखल घ्यावी लागली तेव्हा, हे नाव अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. पण दुखणं काही सैनिकांचंच नाही. एकदा चोर येऊन गेला की राखणीचा कुत्रा पान हललं तरी भुंकतो, तशी शरीराची राखण करणारी यंत्रणा बिघडते. संकट सरलं, हे तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि हे सरकारला नव्यानं कळलंय असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी भूकंपानं हादरली. त्यानंतर महिन्याभरातच डॉक्टरांनी वाचलेल्या काही लोकांची तपासणी केली, तर निम्म्याहून अधिकांना मानसिक विकार आढळला. १९९६ साली तो अहवाल छापूनही आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्ये आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तरीही पुनर्वसन म्हणजे घरांच्या चाव्या, एवढंच डोक्यात. एप्रिल २०१७ मध्ये नव्या माळीणच्या चाव्या वाटल्या आणि त्याच जूनच्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव सुटले. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर घेतला होता, त्यांच्या दारात पुन्हा माती सरकली! यापेक्षा क्रूर उपचार शोधून सापडणार नाही.

आता शिबिरांविषयी. दुर्घटनेनंतर आठवड्याभरात गाड्या येतात, फलक लागतो, बायकांना गोलात बसवून "काय काय पाहिलं ते सांगा, मन मोकळं करा" म्हणतात, फोटो निघतात, गाड्या जातात. हा प्रकार बंद करा. अशी एका बैठकीतली उलटतपासणी करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलं. पहिल्या महिन्यात त्या ताणावर गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत, हेही त्यातच आहे. तरी आमच्या माणसांना अल्प्राझोलामची पाकिटं मिळतात आणि मग ती सुटता सुटत नाहीत. भगताकडं जाणाऱ्याला हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की भगत निदान पुन्हा भेटतो.

पहिल्या दिवसांत लागतं ते कोरडं अंथरूण, घरच्यांची गाठभेट, खरी बातमी आणि शेजारी बसणारं ओळखीचं माणूस. बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप सावरतात. महिना उलटूनही जे सावरत नाहीत, त्यांना उपचार लागतो आणि उपचार आहे. प्रशिक्षित माणूस रुग्णाच्या गतीनं, साधारण आठ ते पंधरा बैठकांत, ती रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा बोलून घेतो. टाळलेल्या वाटेवर पायरीपायरीनं परत नेतो. "मी हात सोडला म्हणून ती गेली" हा दोष मनात घट्ट बसलेला असतो, तो सोडवणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही पद्धतही उपयोगी ठरली आहे. सर्ट्रालिनसारखी औषधं काहींना लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, पण त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय ती मध्येच सोडू नका.

हे मागणं म्हणजे भीक नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडं घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं भरून द्यायचा आहे.

म्हणून आमची मागणी: दुर्घटनेनंतर एका महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, घरोघरी, एकाच ओळखीच्या माणसाकडून तपासणी व्हावी. ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांत तिथली बोली कळणारी आशाताई त्यासाठी तयार करावी आणि त्या कामाचे पैसे तिला मिळावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला हे दुखणं ओळखता यायला हवं. मनाच्या जखमेची नोंद पंचनाम्यात व्हावी.

तोवर ज्याला आजच त्रास होतोय त्यानं १४४१६ वर टेलिमानस या मदतवाहिनीला फोन करावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. वाडीवर रेंज नसेल तर खाली उतरताना बरोबर कुणाला तरी घ्या, एकट्याला पाठवू नका.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हे पत्रक वाचा, ठराव लिहून घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, आणि पोचेवर शिक्का मिळाल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.