गरिबीला गुणांक, जबाबदारीला रजा

अमेरिकेत पिट्सबर्ग शहर ज्या अ‍ॅलेगेनी काउंटीत येते, तेथे मुलाची हेळसांड होत असल्याची तक्रार दूरध्वनीवर आली, की ऑगस्ट २०१६ पासून संगणक त्या कुटुंबाला १ ते २० यांपैकी एक अंक देऊ लागला. चौकशी करावी की नाही, हे कर्मचारी ठरवतो. अंक केवळ साहाय्याला, असे प्रशासनाचे म्हणणे.

हा अंक येतो कोठून? मूळ रचनेत तो सरकारी मदत, तुरुंगवास, सरकारी खर्चाने झालेले मानसोपचार यांच्या नोंदींतून येई. खासगी डॉक्टर परवडणाऱ्या श्रीमंताचे उपचार या दप्तरात नसतातच. म्हणजे शासनापुढे ज्याने हात पसरला, त्याच्याच विरुद्ध पुरावा साठत जातो. याला शास्त्र म्हणावयाचे काय?

माणूसही पूर्वग्रहाने निर्णय घेतो, हा समर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु माणसाला जाब विचारता येतो. अंकाला कोण विचारणार? आणि समोर वीसचा आकडा असताना ‘चौकशी नको’ म्हणण्याचे धैर्य नोकरी सांभाळणाऱ्याने कोठून आणावे? ऑरेगन राज्याने याच धर्तीचे साधन २०१८ मध्ये स्वीकारले आणि २०२२ मध्ये सोडून दिले.

आकड्यांशी वैर नको. त्यांच्यावाचून नियोजन होत नाही. पण मदत कोठे तोकडी पडते, हे आकड्यांनी आधी सांगावे. आणि ज्या कुटुंबाच्या कपाळी अंक लागतो, त्याला तो पाहण्याचा व त्यास आव्हान देण्याचा अधिकार मिळालाच पाहिजे.